झाडांच्या मरणाचा माग घेणारा वैद्य

एप्रिल उजाडला की बोरिवली, दहिसर आणि अंधेरीच्या स्थानकांबाहेर ताडगोळ्यांच्या टोपल्या दिसू लागतात. घामाघूम प्रवासी थबकतो, डझनभर ताडगोळे पुडीत बांधून घेतो आणि लोकल पकडतो. ही फळे ज्या झाडाची, त्या ताडाला वाढीसाठी एकच कोंब असतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. आंब्याची एक फांदी वाळली तर दुसरी फुटते. ताड, माड, सुपारी यांचे तसे नाही. शेंड्यावरचा तो कोंब कुजला की पन्नास फूट उंचीचे झाड उभ्या उभ्या मरते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आंध्रातील गोदावरीच्या खोऱ्यात असे ताड मोठ्या संख्येने मरू लागले. त्या मरणाचे कारण शोधून काढणारा माणूस शिक्षणाने माणसांचा डॉक्टर होता. त्याने पकडलेला आणि नाव दिलेला रोगजंतू पुढे नारळावर, पपईवर, कोकोवर आढळला. केरळच्या रबरमळ्यांत भर पावसाळ्यात झाडे निष्पर्ण करणाऱ्या रोगातही त्याचा हात असल्याचे दिसून आले. भारतातील वनस्पतिरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या त्या संशोधकाचे नाव सर एडविन जॉन बटलर. शेतीशी संबंध नसलेल्या मुंबईकराच्या ताटातील तूर, अळू आणि नारळ या तिन्हींच्या रोगांच्या इतिहासात हे नाव येते.

दुष्काळाच्या भूमीत जन्म

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किलकी या गावी झाला. वडील दंडाधिकारी होते. या जन्मस्थानाला त्यांच्या चरित्रात विशेष अर्थ आहे. त्यांच्या जन्माच्या अवघ्या तीन दशकांपूर्वी, १८४५ साली, आयर्लंडमधील बटाट्याच्या शेतांवर करप्याने घाला घातला होता. हिरवीगार शेते काही दिवसांत काळवंडली, जमिनीतील बटाटे सडले. बटाटा हेच गरिबाचे मुख्य अन्न असल्याने पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी दगावली आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला.

त्या काळी या रोगाचे कारण कुणालाच नीटसे ठाऊक नव्हते. कुणी हवेतील दोषाला जबाबदार धरले, कुणी विजेला, तर कुणी दैवी कोपाला. बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ साली हे बुरशीचे काम असल्याचे मत मांडले. परंतु बुरशी ही रोगाची जननी की रोगाची परिणती, हा वाद सुरूच राहिला. जर्मन शास्त्रज्ञ डी बॅरी यांनी १८६१ साली प्रयोगाने तो मिटवला आणि १८७६ साली या जीवाच्या प्रजातीला फायटोफ्थोरा हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो वनस्पतींचा संहारक. रोगाची ओळख पटायला उशीर झाला की त्याची किंमत माणसांना मोजावी लागते, हा धडा आयर्लंडने असा शिकला होता. त्याच भूमीतला मुलगा पुढे आयुष्यभर या संहारकाच्या भाऊबंदांच्या मागावर राहिला.

वैद्यकाकडून बुरशीकडे

बटलर यांनी कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास करून १८९८ साली पदवी मिळवली. मात्र तिथले प्राध्यापक मार्कस हार्टोग यांच्या सहवासात त्यांना पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशींची गोडी लागली. पाण्याच्या थेंबात पोहत जाणारे त्यांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना दवाखाना मागे पडला. पॅरिस, फ्रायबुर्ग, क्यू येथील प्रयोगशाळांत त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. हा छंद वरवर निरुपयोगी वाटावा असाच होता. पण पावसाळी देशातील पिकांचे अनेक घातक रोग पाण्यातून पोहत येणाऱ्या याच गटातील जीवांमुळे होतात, हे पुढे भारतात सिद्ध व्हायचे होते.

क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या शिफारशीवरून भारत सरकारने १९०१ साली त्यांची नेमणूक केली. सपुष्प नसलेल्या वनस्पतींचा अभ्यासक, असे त्यांचे पद होते आणि ते धारण करणारे ते पहिलेच. कलकत्त्याजवळील शिबपूर येथे त्यांनी कामाला सुरुवात केली, पुढल्याच वर्षी त्यांची डेहराडूनला बदली झाली आणि १९०५ साली बिहारमधील पुसा येथे स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत ते कवकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे त्यांनी देशभरातील रोगट पाने, खोडे, फळे यांचे नमुने जमवून बुरशींचा संग्रह उभा केला. १९३४ च्या बिहार भूकंपात पुसाच्या इमारतीची दुर्दशा झाल्यावर संस्था दिल्लीला हलली. तो संग्रह आज दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आहे.

या कामाचा आवाका थक्क करणारा होता. गव्हाचा तांबेरा, उसाचा लाल कूज, आल्याची कंदकूज असे एकेक रोग त्यांनी हाती घेतले. तुरीचे उभे पीक वाळून जाणाऱ्या मर रोगाची बुरशी त्यांनीच वर्णन करून १९१० साली तिला नाव दिले. मातीतून मुळांवाटे शिरणारी ही बुरशी फवारणीने आटोक्यात येत नाही, म्हणून तग धरणारे वाण निवडणे हाच तिच्यावरचा मुख्य मार्ग ठरला. महाराष्ट्रातील तूर उत्पादक आजही रोगप्रतिकारक वाण विचारून घेतो, त्यामागे ही परंपरा आहे.

प्रत्येक कोडे मात्र त्यांना सुटले असे नाही. १९०३ साली त्यांनी दक्षिणेतील चंदनाच्या स्पाइक रोगाचा अहवाल सादर केला. पाने बारीक होत जाऊन झाड झुरून मरायचे, पण कारणीभूत बुरशी हाती लागेना. ती सापडणारही नव्हती. कारण तो रोग बुरशीचा नव्हताच. जिवाणूंहूनही साध्या रचनेचे जीव त्याला कारणीभूत असल्याचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर स्पष्ट झाले.

गोदावरीकाठचे ताड

ताड हे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील गरिबाचे कल्पवृक्ष होते. ताडी आणि गूळ, छपरासाठी झावळ्या, घरासाठी वासे, सारे त्याच्यापासून मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या झाडांचे शेंडे कुजू लागले. बटलर यांनी तिथे जाऊन मेलेली आणि मरू घातलेली झाडे तोडवून घेतली आणि शेंडा थरामागून थर उलगडून पाहिला. बाहेरच्या झावळीच्या बुंध्यावर उमटलेला डाग आतल्या झावळीवर, तिथून त्याच्या आतल्या झावळीवर असा सरकत सरकत अखेर कोवळ्या कोंबापर्यंत पोहोचतो, असे त्यांना आढळले. मधली सुई कोमेजलेली दिसते तेव्हा रोग आत शिरून बराच काळ लोटलेला असतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारे पहिले लक्षण हे प्रत्यक्षात शेवटचे असते.

या रोगजंतूला त्यांनी १९०७ साली पिथियम पाल्मिव्होरम, म्हणजे ताडमाडांचा भक्षक असे नाव दिले. उपाय कठोर होता. रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळून टाकायचे, म्हणजे शेजारच्या निरोगी झाडांकडे बीजाणू जाणार नाहीत. सरकारी पथकांनी ही मोहीम कित्येक वर्षे चालवली. ज्याचे पोट त्या झाडावर आहे, त्याच्यासमोर ते तोडायचे, हे सोपे नव्हते. पण कोंब गेलेले झाड वाचणार नव्हते आणि शेजारची वाचवता येणार होती.

पुढील अभ्यासात आपण हा जीव चुकीच्या प्रजातीत ठेवला असल्याचे बटलर यांच्या ध्यानात आले. १९१९ साली त्यांनी स्वतःच तो फायटोफ्थोरामध्ये हलवला. म्हणून आज जगभर फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा या नावापुढे बटलर हे नाव दोनदा लिहिले जाते, एकदा पहिल्या वर्णनासाठी आणि एकदा दुरुस्तीसाठी. आयर्लंडचा बटाटा खाणाऱ्या जीवाचा हा सख्खा नातलग होता.

पावसाळ्यातील पानगळ

मुंबईकराच्या बाल्कनीत कुंडीत असते ते रबर प्लांट वड-पिंपळाच्या कुळातले. १९५८ साली भारतात स्थापन झालेल्या सिएट कंपनीच्या भांडुप येथील कारखान्यासारख्या टायर कारखान्यांना लागते ते नैसर्गिक रबर मात्र हेविया या ब्राझिलियन वृक्षाच्या चिकापासून बनते. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे सत्तर हजार बिया क्यूला नेल्या आणि तिथल्या रोपांपासून आशियातील रबरशेती फोफावली. केरळात १९०२ साली पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे व्यापारी लागवड सुरू झाली. अलीकडच्या काळात गोव्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी परिसरातही रबराचे मळे उभे राहिले आहेत.

रबराचे झाड डिसेंबर-जानेवारीत निसर्गक्रमाने पाने गाळते आणि लगेच नवी पालवी धरते. १९१० च्या सुमारास केरळात मात्र वेगळेच घडू लागले. जून-जुलैत, सलग काही दिवस पावसाची झड लागली की हिरवीगार पाने टपाटप गळू लागली. पुसा परंपरेतलेच विल्यम मॅक्रे यांनी रबरावरील अशाच एका फायटोफ्थोराचे १९१८ साली वर्णन केले. बटलर इंग्लंडला गेल्यावर पुसा येथील त्यांचे पदही मॅक्रे यांच्याकडेच आले. रबरावर एकाहून अधिक फायटोफ्थोरा हल्ला करतात आणि त्यांत बटलर यांचा पाल्मिव्होराही आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

हा रोग ओळखण्याची खूण नेमकी आहे. आधी झाडावरची हिरवी फळे पाण्याने भिजल्यासारखी दिसतात आणि सडतात. त्यांच्यावर बीजाणूंची पैदास होते. मग पावसाच्या तुषारांबरोबर ते पानांवर उतरतात. गळून पडलेल्या पानाचा देठ उचलून पाहिला तर त्यावर काळपट डाग असतो आणि डागाच्या मध्यभागी गोठलेल्या चिकाचा पांढरा ठिपका. हा ठिपका दिसला की निदान पक्के. उलट, फेब्रुवारी-मार्चच्या कोवळ्या पालवीवर पांढरी भुकटी दिसली, पाने आक्रसून गळली आणि देठ झाडावरच राहिले, तर तो भुरी रोग असतो. त्याला गंधकाची भुकटी चालते. पावसाळी पानगळीला ती निरुपयोगी ठरते. कोवळ्या झाडाच्या बेचक्यात आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि मग गुलाबी थर दिसला, तर तो गुलाबी रोग. तिथे फवारणी करून भागत नाही, बेचक्यावर दाट बोर्डो मलम लावावा लागतो. एकाच मळ्यातले हे तीन आजार आणि तिघांचे औषध, वेळ व जागा वेगळी. चुकीच्या निदानात पैसा जातो आणि पावसाळाही हातचा निसटतो.

निळ्या औषधाची वेळ

पावसाळी पानगळीवरील जुने आणि अजूनही उपयोगात असलेले औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील मेदॉक भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींना केवडा होत नाही, हे १८८२ साली मिलार्दे यांच्या नजरेस आले आणि १८८५ साली त्यांनी हा उपाय जगापुढे मांडला. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचे, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पन्नास लिटर पाण्यात कालवायचा आणि मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओतायचे. भांडी लोखंडाची नकोत. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेले लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

मात्र या औषधाची खरी मेख वेळेत आहे. तांबे पानावर थर धरून बसते आणि येणाऱ्या बीजाणूला रुजू देत नाही. आत शिरलेल्या रोगाला ते बरे करत नाही. म्हणून फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उरकावी लागते. रबराची उंच झाडे भिजवण्यासाठी हेक्टरी हजारो लिटर मिश्रण लागते, त्यामुळे मोठ्या मळ्यांत तेलात मिसळणारे तांब्याचे औषध यंत्राने धुक्यासारखे मारण्याची पद्धत आली. केरळात त्यासाठी विमाने-हेलिकॉप्टरही वापरली गेली. तांब्याचा अंश चिकात गेला तर रबराचा दर्जा बिघडतो, म्हणून चीक काढण्याच्या वाट्या फवारणीच्या वेळी बाजूला ठेवाव्या लागतात. पाने गळू लागल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. गोदावरीकाठच्या शेंड्यात बटलर यांनी जे पाहिले, त्याचाच हा व्यावहारिक अर्थ होता.

पुण्या-नागपूरचे शिष्यवर्तुळ

बटलर यांनी आपल्यासोबत भारतीय संशोधकांची पिढी घडवली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील जी. एस. कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९१३ साली अळूच्या करप्यावर प्रबंध लिहिला. तो करपाही एका फायटोफ्थोराचाच. कुलकर्णी यांनी पुढे मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीचा अभ्यास केला. पुसा येथे बटलर यांच्यासोबत काम केलेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ साली एरंडावरील नव्या फायटोफ्थोराचे वर्णन करून आंतरराष्ट्रीय ख्याती मिळवली आणि नंतर नागपुरात मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील बुरशींचा संग्रह आजरेकर या मराठी कवकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. ही सारी त्या काळात रुजलेल्या शास्त्राची फळे.

१९१८ साली बटलर यांचा बुरशी आणि वनस्पतिरोगांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारत आणि पूर्वेकडील देशांच्या शेतातील व मळ्यातील पिकांचे रोग त्यात एकत्र आले आणि कित्येक वर्षे तो विद्यार्थ्यांचा आधार राहिला. १९२० साली क्यू येथे स्थापन झालेल्या साम्राज्याच्या कवकशास्त्र कार्यालयाचे ते पहिले संचालक झाले. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून रोगट पान तिथे पाठवावे आणि नाव कळवून घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९३१ साली बिस्बी यांच्यासह भारतातील बुरशींची सूची, १९३९ साली सर हा किताब, असे मानाचे टप्पे येत गेले. ४ एप्रिल १९४३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

शास्त्र त्यांच्याही पुढे गेले. फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नसून समुद्री शेवाळांच्या जवळची आहे, असे आज मानले जाते. त्यामुळे बुरशीवरची काही आधुनिक औषधे तिच्यावर चालत नाहीत आणि काही खास तिच्यासाठीच बनवली जातात. पण ती पाण्यातून पोहत येते, हे बटलर यांनी तरुणपणी सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले सत्य अढळ राहिले.

गोराई-मनोरीच्या वाड्यांत आणि उपनगरांतल्या सोसायट्यांच्या आवारात आजही माड डोलतात. पावसाळ्यात एखाद्या माडाची मधली सुई पिवळी पडून झुकली, ओढताच हाती आली आणि कुजका वास सुटला, तर तो गोदावरीकाठचाच जुना शत्रू असण्याची दाट शक्यता असते. कोंब शाबूत असेल तर कुजलेला भाग खरवडून बोर्डो मलम लावावे आणि शेंडा पावसापासून झाकावा. कोंब गेला असेल तर झाड रीतसर परवानगीने उतरवून शेंडा जाळून टाकावा आणि भोवतालच्या माडांवर फवारणी करावी. झाडावर चढणारा माणूस मेमध्येच बोलावला तर बहुधा ही वेळ येत नाही. ताडगोळ्यांच्या टोपल्या स्थानकाबाहेर दिसू लागतात, तोच त्याला निरोप धाडण्याचा मोसम.